खेळ आणि बोल

शब्दांवर जिचे पोट चालते तिच्याच घरी शब्दांचा दुष्काळ पडावा, ह्यातला विनोद मला आज दिसतो. तेव्हा दिसत नव्हता. जुलै २०२२ मध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी शांतिनिकेतनला आले त्या वेळी माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता आणि मोजून नऊ शब्द बोलत होता. त्यांपैकी एक 'आई' होता. परंतु ती हाक नव्हती. पाणी हवे असले, पंखा थांबला, खिडकीत खार आली, की सरसकट त्या एका शब्दावर भागवले जाई. एरवी तो माझे बोट धरून मला हव्या त्या वस्तूपाशी नेई आणि वस्तूकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहत उभा राही. त्या पाहण्यात सारे वाक्य असे. फक्त त्याला आवाज नसे.

माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत त्याचा जन्म झाला. पती नोकरीमुळे पुण्यास. ते सुट्टीत येत. इथल्या घरात मी, मुलगा, आणि जवळच्या गावातून दिवसभरासाठी येणाऱ्या एक प्रौढ संथाळ बाई. त्या आपल्या घरी संथाळी बोलत, आमच्याशी बंगाली. बंगालीत मावशीला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'माशी' असा होतो, आणि त्यांना आम्ही तीच हाक मारू लागलो. नातू माशीच्या हातून जेवतो, हे दूरध्वनीवर ऐकून माझी आई काही क्षण गप्पच झाली होती. "अगं, माशी बसलेलं देऊ नका त्याला काही," असे ती शेवटी म्हणाली, तेव्हा तिला तुलनात्मक भाषाशास्त्राचा पहिला धडा द्यावा लागला.

हसण्याचे प्रसंग मात्र थोडेच. दोन वर्षांच्या सुमारास मुलाने पन्नासएक शब्द बोलावेत आणि दोन शब्द एकमेकांना जोडावेत, असा साधारण अंदाज बांधला जातो, हे मी वाचले होते. "तुझा मामा चौथ्या वर्षी बोलला," ह्या आईच्या दिलाशाने रात्री झोप लागत नसे. मुलाचे ऐकणे आम्ही तपासून घेतले होते आणि ते निर्दोष निघाले होते. ही तपासणी सर्वांच्या आधी व्हावयास हवी. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले तरी मूल महिनोन्‌महिने अर्धेमुर्धे ऐकत राहते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यानंतर आम्ही एका मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी इंग्रजीतील शब्दांची एक यादी पुढे ठेवली, मुलाला येणाऱ्या शब्दांवर खुणा करावयास सांगितले, आणि निर्णय दिला: घरात मराठी, बाहेर बंगाली, कामाच्या बाईंची तिसरीच भाषा, मुलाचा गोंधळ झाला आहे. एकच भाषा ठेवा, पुढे शाळेत लागेल ती. मराठीचा त्याला इथे उपयोग तरी काय?

माझा प्रबंध संत नामदेवांच्या मराठी आणि हिंदी पदांवर आहे. एकाच माणसाच्या मुखी दोन भाषा कशा नांदतात ह्यावर मी चारशे पृष्ठे लिहिली आहेत. तरीही त्या दिवशी मी मान डोलावली आणि घरी येऊन मराठी बंद केली. भ्यालेल्या आईपुढे विद्वत्तेचे काही चालत नाही, एवढेच ह्यावर म्हणता येईल.

सुमारे सहा आठवडे मी मुलाशी इंग्रजी बोलले. त्या आठवड्यांत काय झाले हे मला नंतर नीट उमगले. माझे इंग्रजी ग्रंथालयात वाढलेले. ते व्याख्यानाला उभे राहू शकते, परिसंवादात वाद घालू शकते. परंतु ते जमिनीवर कधी बसलेच नव्हते. पडलेल्या मुलाचा गुडघा फुंकताना, न्हाऊ घालताना, पोटावर नाक घासून हसवताना म्हणावयाचे असे त्या भाषेत माझ्यापाशी काही नव्हते. जे होते ते प्रश्न होते. हे काय आहे? ह्याचा रंग कोणता? गाय कशी ओरडते? उत्तर मला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक होते; मग त्याने ते का द्यावे? मी आईची परीक्षक झाले, आणि परीक्षकाच्या मांडीवर कोणी बसत नाही. तो उठून स्वयंपाकघरात माशीकडे जाई. त्या भात निवडता निवडता त्याच्यासमोर मूठभर तांदूळ टाकत, स्वतःशी बोलावे तसे काहीबाही बोलत, आणि त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवत नसत. नऊ शब्दांचे सात झाले. त्यांपैकी दोन माशीच्या भाषांतले होते.

सप्टेंबरात, पूजेच्या सुट्टीपूर्वी, कोलकात्याच्या एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंना भेटण्याचा योग आला. त्यांनी यादी काढली नाही. आम्हां मायलेकरांना चटईवर बसवून त्या वीस मिनिटे कोपऱ्यातून पाहत राहिल्या, मग मला विचारले, "लहानपणी तुमच्याशी कोण खेळत असे? कोणत्या भाषेत?" मी म्हटले, वाईला आजी; मराठीत. "मग त्याच भाषेत खेळा. ज्या भाषेत आपल्याशी कोणी खेळले असेल तिच्यातच आपल्याला खेळता येते." द्वैभाषिक घरात वाढल्यामुळे मूल मुके राहत नाही, असेच गेल्या काही दशकांचे संशोधन सांगते, हेही त्यांनी समजावले, आणि घरी करावयाच्या चार गोष्टी सांगितल्या. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. तो काय करतो ते आधी पाहा, आणि प्रश्न न विचारता तेच शब्दांत सांगा. तो एक शब्द म्हणाला तर तुम्ही दोन म्हणा, दहा नव्हे. आणि थांबा. आपली पाळी झाली की मनात दहा आकडे मोजा.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड निघाली. अध्यापनाचा व्यवसाय हा मुळात न थांबण्याचा व्यवसाय आहे. वर्गात प्रश्न विचारून आपण तीन आकडेही मोजत नाही; उत्तर आपणच देऊन मोकळे होतो. दहा आकड्यांची शांतता किती लांब असते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने दोन वर्षांच्या मुलासमोर बसून ती मोजून पाहावी. परंतु त्या शांततेत मूल रिकामे नसते. ते आपल्या ओठांकडे पाहत असते, जुळवाजुळव करीत असते. आणि आपण घाईने बोललो की त्याची ती सारी तयारी वाया जाते.

खेळणी म्हणावी तर घरात पुष्कळ होती. हाटातून आणलेला बांकुड्याचा मातीचा घोडाही होता. मुलाला हवे असत ते डबे आणि त्यांची झाकणे, चाळणी, पळी, पोळपाट. ह्यात नवल नाही. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू करताना आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडकांनी माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने मानली होती. डबा उघडणे, त्यात काही टाकणे, हलवणे, झाकण लावणे, पुन्हा उघडणे, एवढ्या खेळात 'उघड', 'बंद', 'आत', 'संपले', 'पुन्हा' हे पाच शब्द दहा मिनिटांत पंचवीस वेळा येतात, आणि प्रत्येक वेळी ते हातातल्या कृतीला चिकटून येतात. शब्द शिकवण्याची गरज नसते. तो त्या जागी पडून राहावा लागतो.

मग हळूहळू आजीचे खेळ परत आले. ते मला आठवतात असे मला वाटलेच नव्हते. हातांना आठवत होते. मुलाच्या तळहातावर आपले बोट टेकवून मोराला बसवावयाचे, त्याला चारा घालावयाचा, पाणी पाजावयाचे, आणि मग एकाएकी त्याला उडवून लावावयाचे. उडण्यापूर्वी आजी क्षणभर थांबत असे. तो क्षण हाच खेळाचा गाभा. मुलाचा श्वास तिथे अडकतो, डोळे मोठे होतात, साऱ्या अंगाला पुढे काय होणार हे कळलेले असते. मी तिथे थांबू लागले. रोज, न्हाणे झाल्यावर. पहिले कित्येक दिवस नुसते डोळे. मग हात उडू लागला. नोव्हेंबरात एका सकाळी, मी मनात सातावर असताना, तो म्हणाला, "बु". म्हणजे 'भुर्र'. महाप्राण नव्हता, रकार नव्हता. परंतु मोर उडाला होता.

रोमान याकोबसन ह्यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे की बालकाच्या वाणीत ओष्ठ्य वर्ण लवकर येतात आणि कंठ्य वर्ण त्यांच्या मागून. मी ते अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. आमच्या घरी 'काऊ'चा 'ताऊ' होता आणि पुष्कळ दिवस राहिला. पोथीतले वचन आपल्या मुलाच्या तोंडून असे खरे होताना पाहणे, हे समाधान निराळे.

ह्याच सुमारास मी एक जुना निबंध पुन्हा वाचला. अशोक रा. केळकर ह्यांनी १९६४ मध्ये 'वर्ड' ह्या नियतकालिकात मराठीतील लहान मुलांशी बोलावयाच्या भाषेचे वर्णन केले आहे. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील अशा बोलीची तुलना केली. त्या सहांत सीरियन अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि आपली मराठी आहे. फर्ग्युसन ह्यांचा एक मुद्दा मला तेव्हा नुसता पटला होता. आता तो घरात दिसला. 'भूभू', 'माऊ', 'मम्मं', 'बाऊ', 'गाईगाई' हे शब्द मुलांनी बनवलेले नाहीत. ते मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांसाठी राखून ठेवलेले आहेत. मूल मोठे झाले की ते टाकून देते, आणि स्वतःचे मूल झाले की तेच शब्द फडताळातल्या दुपट्यासारखे पुन्हा बाहेर काढते. मराठी बंद केली तेव्हा मी एक भाषा बंद केली असे मला वाटले होते. वास्तविक मी हे फडताळ बंद केले होते, आणि माझ्यापाशी दुसरे नव्हते.

दिवाळीनंतर पती पुण्याहून आले तेव्हा शेजाऱ्यांकडून फ्रिजचे एक मोठे रिकामे खोके मिळाले. त्याला दार कापले आणि ते चिऊचे घर झाले. चिऊकाऊची गोष्ट कोणत्या मराठी माणसाला ठाऊक नाही? काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, चिऊचे मेणाचे टिकते. काऊ दार ठोठावतो, आणि चिऊ दर वेळी बाळाचे काही ना काही काम सांगून त्याला ताटकळत ठेवते. ह्या गोष्टीवर मी एकदा व्याख्यान दिले होते. काऊच्या हलाखीविषयी आणि चिऊच्या आतिथ्याविषयी मी काही कठोर बोलले होते, असेही स्मरते. खोक्याबाहेर गुडघ्यांवर बसून दार ठोठावू लागले तेव्हा ध्यानात आले की ही गोष्ट मुळी सांगण्यासाठी नाहीच. ती दोघांनी खेळण्यासाठी आहे. एकाने विचारावयाचे, दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे. पुन्हा तेच विचारावयाचे, उत्तर मात्र थोडे बदलावयाचे. सारी गोष्ट म्हणजे पाळीपाळीने बोलण्याची तालीम. आणि तिच्यातला प्रत्येक अडथळा हा वाट पाहण्याचा एक धडा.

सुरुवातीस माझे पती चिऊ झाले, मुलगा त्यांच्या मांडीवर आत, मी बाहेर. ते परत गेल्यावर मुलगा एकटा आत बसू लागला. मी ठोठावीत असे, हाक मारीत असे, आणि थांबत असे. आतून कधी खुदखुदणे, कधी काहीच नाही. डिसेंबरच्या एका संध्याकाळी वीज गेली होती, कंदिलाच्या उजेडात मी दार ठोठावले आणि आतून स्पष्ट, काहीसा हुकमी आवाज आला: "तांब!"

त्याने मला थांबावयास सांगितले होते. मी थांबले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणासाठी थांबले नसेन.

लेव विगोत्स्की ह्यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाविषयी जे म्हटले आहे ते इथे आठवते. काठी जेव्हा घोडा होते तेव्हा 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून प्रथमच सुटा होतो. खोके घर झाले, मुलगा चिऊ झाला, आणि 'थांब' हा शब्द त्याला खरोखरीच्या थांबण्यापासून सुटा करून वापरता आला. त्याआधी त्याचे शब्द वस्तूंना जखडलेले होते. हा पहिला शब्द त्याने दुसऱ्या माणसावर काही घडवण्यासाठी योजला. जेरोम ब्रूनर ह्यांनी १९७० च्या दशकात आई आणि मूल ह्यांच्या बुवाकुकाचा बारकाईने अभ्यास केला, तो काही उगीच नव्हे. लपणे, थांबणे, प्रकटणे, हसणे ह्या ठरलेल्या क्रमात मूल संभाषणाचे नियम शब्दांच्या आधी शिकते. आमच्या माशी हा खेळ 'टुकि' म्हणून खेळत. क्रम तोच.

इथे माझ्या विषयातील एक चूक मला कबूल करावीशी वाटते. रवींद्रनाथांनी १८९४ मध्ये मुलांना रमवण्याच्या बंगाली 'छड्यां'वर निबंध लिहिला आणि पुढे त्यांचा संग्रहही प्रसिद्ध केला. आपल्याकडे साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' सिद्ध केले. ह्या संग्रहांचे मोल अपार आहे. रवींद्रनाथांना छडे ढगांसारखे वाटले: सतत बदलणारे, अर्थाच्या ओझ्यातून मोकळे. मीही वर्षानुवर्षे त्यांना पाठ्य म्हणून वाचले, त्यांतील प्रतिमा मोजल्या, पाठभेद लावले. परंतु छापील पानावर आजीचे थांबणे उतरत नाही. तिथे दोन ओळींमध्ये नुसती कोरी जागा दिसते. त्या जागेत मुलाची पाळी होती, हे मला खोक्याबाहेर बसेपर्यंत कळले नव्हते. ज्याला आपण बडबडगीत म्हणतो ते अर्धेच गीत आहे. उरलेले अर्धे मुलाकडून यावयाचे असते, मग ते 'बु' एवढेच का असेना.

जानेवारीत कोलकात्याच्या बाईंनी शब्द मोजावयास सांगितले, पण सर्व भाषांतले. मराठीतले एकोणतीस, बंगालीतले अकरा, संथाळीतले तीन. पाण्याला तो माझ्याजवळ 'पानी' म्हणे, माशीजवळ कधी 'जोल', कधी 'दाक्‌'. एकाच भाषेच्या यादीत त्याचा फार तर एक शब्द धरला गेला असता. मायामीतील इंग्रजी-स्पॅनिश बोलणाऱ्या बालकांवरील १९९३ च्या एका अभ्यासातही हेच दिसले होते, की दोन्ही भाषा एकत्र धरल्या तर अशा मुलांचा संग्रह एकभाषिक मुलांच्या बरोबरीने भरतो. आपण ज्या मापाने मोजतो त्या मापाचीच भाषा मुलाला येते की नाही, एवढेच पुष्कळदा कळते. आणि त्याला भाषांचा गोंधळ झाला आहे म्हणावे, तर कोणाजवळ कोणता शब्द काढावयाचा हे त्याला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक होते.

ह्यावरून खेळाने सारे साधते, असे कोणी समजू नये. काही मुले उशिरा बोलतात आणि कोणी काही न करताही बरोबरीला येतात. आमचा मुलगा त्यांतलाच असेल, हे मी नाकारू शकत नाही. काही मुलांना ऐकण्याची किंवा निराळ्या प्रकारची अडचण असते. त्यांना वर्षानुवर्षे जाणत्या माणसाचे साहाय्य लागते, आणि 'बोलेल आपोआप' म्हणून बसून राहणे हा त्यांच्यावर अन्याय ठरतो. थांबावयाचे ते खेळात, दहा आकडे. तपासणीच्या बाबतीत नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की घर सोडून दूर आलेल्या आईबापांना 'तुमची भाषा टाका' असा सल्ला आजही दिला जातो, आणि ती टाकताना आपण तिच्याबरोबर काय टाकतो हे कोणी सांगत नाही. मूल दुसरी भाषा अंगणात, शाळेत, कोठेही शिकेल. आपल्या मांडीवर खेळण्यासाठी मात्र आपल्यापाशी बहुधा एकच भाषा असते.

आता तो पाच वर्षांचा होऊन गेला आहे. त्याचा 'ताऊ' केव्हाच 'काऊ' झाला. रकार अजून कधी कधी लटपटतो. बोलताना त्याला घाई झाली की मीच त्याच्याकडे पाहत स्वस्थ बसते. मध्यंतरी एका दुपारी वर्गाहून परतले तर व्हरांड्यात माशी आणि त्यांची दोन वर्षांची नात, आणि खोक्याच्या जागी उलटी घातलेली वेताची टोपली. बंगालीतही कावळा-चिमणीची एक गोष्ट आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी ती १९१० च्या 'टुनटुनिर बई'मध्ये लिहून ठेवली आहे. तिच्यातला कावळा चोच धुण्यासाठी दारोदार हिंडतो आणि प्रत्येक दारी त्याला आणखी कोठेतरी धाडले जाते. व्हरांड्यातली गोष्ट ती नव्हती, आमचीच होती. माझा मुलगा काऊ होऊन टोपली ठोठावीत होता, माशी चिऊच्या वतीने संथाळीत काही सबबी सांगत होत्या, आणि ती लहान मुलगी टोपलीआडून त्याच्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. माझा मुलगा ठोठावण्याचा हात खाली घेऊन, माझ्याकडे न पाहता, चांगला दहा आकडे थांबला. आणि मग त्याने पुन्हा दार ठोठावले.